सभेत सांगायचं राहिलं ते

ता. ९ नोव्हेंबर, मंगळवार

जावईबापू,

अनेक आशीर्वाद. आम्ही आजी-नात इकडे बऱ्या आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. ठमीचा फोन उचलता, माझा उचलत नाही. तिच्या हातातून घेऊन बोलावं असं मनात आलं होतं, पण पोरीला मध्ये घालणं बरं नव्हे. म्हणून हे पत्र.

ठमीचा वरचा दात पडला. आता 'स' म्हणताना शिट्टी वाजते, आणि ती मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून बोलते. अभ्यास ठीक. गेल्या महिन्यात दोनदा छाती भरून आली, पंप द्यावा लागला. एकदा रात्रभर बसून होती. तुम्हाला तिनेच सांगितलं असेल, किंवा नसेलही. तुम्ही काळजी कराल म्हणून ती हल्ली गोष्टी गाळून सांगते.

माझं धुलाईचं दुकान चालू आहे. साथीत घरी बसलेल्या माणसांनी कोट घालणंच सोडलं होतं, ते आता पुन्हा बाहेर काढताहेत, आणि कुणाचंच बटण लागत नाही. सगळे मला सांगतात की कपडा आटला. मी हो म्हणते आणि शिवण सैल करून देते.

तुमचे लिफ्टदुरुस्तीचे मालक येऊन गेले. म्हणाले, "त्यांची जागा मी भरलेली नाही. मनात येईल तेव्हा येऊ दे." आपल्या इमारतीची लिफ्ट पुन्हा तिसऱ्या मजल्याजवळ अडायला लागलीय. नवा माणूस येतो, दार उघडतो, बंद करतो, मान हलवतो आणि जातो. मी जिन्यानेच येते-जाते. तुम्ही इथे असताना मला लिफ्टची भीती वाटायची, तेव्हा हसून म्हणायचात, "आई, लिफ्टपेक्षा जिन्यावर जास्त माणसं मरतात. पण जिन्यावर पडलेल्याची बातमी होत नाही." हे वाक्य मला हल्ली फार आठवतं. टोमणा मारत नाहीये. खरंच आठवतं.

आता त्या सभेबद्दल.

तुम्ही मला न सांगता शहरात आलात, आणि मी तुम्हाला न सांगता तिथे येऊन बसले. फिट्टंफाट झाली. मला बोलायचं नव्हतं. तुम्ही गावोगाव जाऊन माझ्या मुलीबद्दल काय सांगता, ते एकदा कानांनी ऐकायचं होतं. दारातच तिचा तो मोठा फोटो लावला होता. ओले केस, गळ्यात शिट्टी, तोंडभर हसू. त्याच्याखाली लाल अक्षरांत 'हिला कुणी मारलं?'

त्या फोटोत ती का हसतेय, हे तिथल्या एकालाही माहीत नव्हतं. तलावावर ते जाडे वकीलसाहेब पोहायला शिकायला यायचे ना, ते कठडा सोडेनात. "आधी लिहून द्या की मी बुडणार नाही," म्हणाले. ती म्हणाली, "लिहून काही देत नाही. हात देते. धरा." आणि हसली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

तुम्ही चांगलं बोललात. खोटं एक अक्षर नव्हतं. लस घेतल्यावर आठवड्याने तिचं डोकं दुखायला लागलं, दवाखान्यात गोळी देऊन परत पाठवलं, म्हणाले सगळ्यांनाच दुखतं. दुसऱ्या दिवशी मांड्यांवर निळे डाग आले, तरी म्हणाले कुठे आपटलं असेल. मग ती न्हाणीघरात पडली. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. त्यानंतर कित्येक महिने साहेबलोक सांगत राहिले की लसीचा काही संबंध नाही, तिची तब्येतच तशी असेल. माझी पोर सकाळ-संध्याकाळ तलाव पालथा घालायची, आणि म्हणे तिची तब्येतच तशी! तेव्हा माझ्याही अंगाची लाही झाली होती. तुम्ही लढलात म्हणून कागदावर आलं की ती लसीनेच गेली. हे उपकार मी विसरलेले नाही.

पण तुम्ही मला पाहिलंत, आणि माइकवर म्हणालात, "माझ्या सासूबाई इथे आहेत. मला नका विचारू, एका आईला विचारा." माइक माझ्या तोंडाशी आला.

मी काही ठरवून आले नव्हते, तुमच्या गळ्याची शपथ. मी म्हटलं, "माझी मुलगी लसीनेच गेली. आधी आम्हाला वेड्यात काढलं, तेही खरं. पण तिच्याकडे बघून कुणी लस घ्यायचं टाळत असेल तर ते तिला आवडलं नसतं. मी घेतलीय. ती गेल्यानंतर घेतलीय."

मागून कुणीतरी ओरडलं, "बाई विकली गेली!" त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते टाळ्यांचं. सभेला विरोध करायला आलेली, डावीकडे बसलेली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली, जशी काही मी त्यांची मॅच जिंकून दिली. त्यांच्यातला एक तर मला घरी येऊन म्हणाला, "ताई, तुमचा एक व्हिडिओ घेऊ या, फार परिणाम होईल." मी म्हटलं, तुमच्याच लोकांनी माझ्या लेकीचं मरण मोजायचं नाकारलं होतं, आता कसले परिणाम मोजताय? दार लावून घेतलं.

तुम्ही बाजूच्या दाराने निघून गेलात. तुमची पाठ मला दिसली. तेव्हापासून आपण बोललेलो नाही.

मी लस का घेतली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. ती अतिदक्षता विभागात होती तेव्हा तुम्ही औषधांच्या मागे धावत होतात. मी बाहेर बाकावर. समोर काचेपलीकडे साथीचे पेशंट होते. एक म्हातारी रोज यायची आणि काचेला कपाळ टेकून फोनवर नवऱ्याशी बोलायची. आत तो बोलू शकायचा नाही, नुसता हात वर करायचा. ती त्याला घरातलं सांगायची, नळ गळतो, मांजर व्यायली. एक दिवस हात वर झाला नाही. ती तरी बोलतच राहिली. नर्सने येऊन तिच्या हातातला फोन काढून घेतला. असे त्या काचेपलीकडे किती गेले, मी मोजले नाहीत. इकडे आपली एक. माझ्यासाठी ती एकच सगळ्यांहून मोठी. पण ती काच मला विसरता येईना.

नंतर त्या रक्ताच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "माझ्याही डोक्यात तसंच झालं तर?" त्यांनी हसून उडवून लावलं नाही. म्हणाल्या, "होणारच नाही असं मी म्हणणार नाही. लाखांत एखाद्याला होतं. तुमच्या वयाला आजाराची भीती त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. काय करायचं ते तुम्ही ठरवा." आधी आपल्याला कुणी असं सरळ सांगितलं असतं तर तुम्ही आज या सभांमध्ये नसता असं मला वाटतं.

गिऱ्हाईक आलंय. बाकीचं उद्या.

बुधवार

काल गिऱ्हाईक आलं हे खरं, पण ते पाच मिनिटांत गेलं. पत्र पुढे लिहवेना, म्हणून मिटून ठेवलं होतं.

खरी गोष्ट सांगायची राहिलीच आहे. सभेनंतर मुलांच्या लसीची सूचना आली. ठमीच्या वयाच्यांना आता मिळते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही लस निराळी, हिचे स्वतःचे क्वचित काही त्रास आहेत, पण तिच्या आईला झालं ते हिच्यात नाही. आणि छातीचं दुखणं आहे म्हणून जरूर द्या. तुम्हाला न विचारता मी तिला घेऊन गेले. हा माझा आगाऊपणा, त्याबद्दल काय बोलायचं ते बोला.

शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. पोरं रांगेत धक्काबुक्की करत होती. आमचा नंबर आला. ठमी आपणहून खुर्चीवर बसली, बाही वर केली. नर्सने विचारलं, "कुठला हात देणार बाईसाहेब?"

ठमी म्हणाली, "डावा. माझ्या आईनेही डावाच दिला होता."

नर्सला काय माहीत? ती म्हणाली, "शहाणी आई आहे हं तुझी." आणि कापूस हातात घेतला.

माझ्या तोंडून "नको" निघालं. मोठ्याने. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. मी पोरीला हाताला धरून ओढतच बाहेर काढलं. तिची एक बाही वरच राहिली होती.

कोपऱ्यावर ती म्हणाली, "आजी, तू तर माइकवर सगळ्यांना लस घ्या म्हणालीस ना? मग मला का नको?"

मी बसथांब्यावर बसले आणि रडले. तीच माझी पाठ थोपटत होती. येणारे-जाणारे बघत होते.

जावईबापू, भर सभेत तुम्हाला उघडं पाडणारी ही तुमची सासू. मला आकडे कळतात, काच आठवते, डॉक्टरीणबाईंचं पटतंही. स्वतःच्या दंडाला टोचून घेताना मी मागेपुढे पाहिलं नाही. पण ते पोर खुर्चीत बसलं आणि माझं सगळं शहाणपण गळून पडलं. तेव्हा मला तुम्ही कळलात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

अजून एक. तुम्ही भाषणात म्हणता, "तिला लस घ्यायला बोलावून घेतलं." पण तिचा नंबर तुम्ही लावला होतात. रात्री जागून, फोनवर सारखं बटण दाबत. सकाळी मोटरसायकलवरून तुम्हीच सोडलंत, बाहेर थांबलात, परत आणलंत. हे सगळं तुम्ही वगळता. मी ते ऐकताना तुमच्या तोंडाकडे बघत होते. बाबा, तुम्ही तिला लाखमोलाची वस्तू मिळवून देत होतात. तलाव उघडायचा तर शिकवणाऱ्यांनी लस घेतलेली हवी होती, ती पहिल्या दिवसापासून उड्या मारत होती. तुम्ही नेलं नसतंत तर ती पायी गेली असती. तुम्ही तिला मारलेलं नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? मी सांगायला हवं होतं, मला सुचलं नाही.

ठमीचं काय करायचं ते मला एकटीला ठरवता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी नेणार नाही. पण काय ते स्वयंपाकघरात बसून सांगा, माझ्यासमोर, तिच्यासमोर. हिवाळा तोंडावर आलाय आणि तिची छाती मला रात्री ऐकू येते.

या.

तुमच्या बायकोची आई

ता. ५ डिसेंबर, रविवार

जावईबापू,

अनेक आशीर्वाद. ठमी ठणठणीत आहे, हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तुम्ही श्वास घेऊन वाचाल.

तुम्ही त्या दिवशी आलात आणि पोरीलाच विचारलंत, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला रात्री दम लागतो तेव्हा जास्त भीती वाटते." तुम्ही उठून मोटरसायकलची किल्ली घेतलीत. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

आणि मग हॉलच्या दारात तुमचेही पाय थांबले, माझेही. ती आपल्या दोघांकडे बघून म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा, मी येते." एकटी गेली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात. मी तुमचा कोट धरून ठेवला होता, तुम्हाला कळलं की नाही कोण जाणे.

तुम्ही गेल्यापासून मी तिला रोज उठल्याबरोबर विचारत होते, "डोकं दुखतं का?" काल वैतागून म्हणाली, "आजी, आता तू विचारतेस म्हणून दुखतं." कालच तिने पोहायच्या तलावावर नाव घातलं. शिकवायला नवीन बाई आहेत.

तुम्ही त्या सभावाल्यांना आता येणार नाही म्हणून कळवलंत, पण फोटो त्यांनी काढलेला नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर अजून आहे. परवा पाहिलं तर लाल अक्षरांवर दुसऱ्या कुणी काळ्या रंगाने 'खोटं' असं लिहिलंय, आणि त्याचा ओघळ तिच्या गालावर आलाय. मी दुकानातून ओलं फडकं आणून पुसत बसले. एक माणूस थांबून म्हणाला, "मावशी, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" मी म्हटलं, "हिची आई आहे." तो बिचारा निघून गेला. गालावरचा रंग निघाला, पण कागद तिथे विरलाय.

घरी आल्यावर मी तिच्यासाठी रडले. तुम्ही म्हणाल, रोजच रडत असाल. नाही हो. इतके दिवस मी कुणाला तरी उत्तर देत रडत होते, डॉक्टरांना, साहेबांना, तुम्हाला. परवा कुणाचंच काही नव्हतं. नुसती ती नव्हती.

तिच्या वस्तूंमध्ये राहवत नाही म्हणून तुम्ही बाहेरगावी काम धरलंत, त्याला माझी हरकत नाही. कपाट मी आवरणार नाही. तुम्हाला जमेल तेव्हा दोघं मिळून आवरू, आणि नाहीच जमलं तर राहू दे तसंच.

पुढच्या रविवारी या. काही ठरवायचं नाही, कुणाला पटवायचं नाही. ती कशी होती, तेवढंच बोलू.

तुमची
आई