कागदावरचं वय

आबा,

तुमच्या फोटोखाली माझ्या धाकट्या भावांनी कारखान्याच्या कार्डावरचं वय लिहून घेतलं होतं, ६२. तेरा वर्षं सोसलं. गेल्या महिन्यात यवतचा पेंटर बोलावून ते खरवडलं आणि ७७ लिहायला लावलं. आता येणारा पाहुणा तो आकडा वाचून थबकतो, आणि मी त्याला सगळं सांगतो. तुम्ही खोटारडे होता, हे तुमच्याच भिंतीवर टांगलंय.

मेंढरं विकून तुम्ही साखर कारखान्यात वॉचमन लागलात, तेव्हा तिशीपर्यंतचीच माणसं घेत होते. आपल्यात जन्माची नोंद कुणाचीच नव्हती. सरपंचाचा दाखला आणून पंधरा वर्षं कमी केलीत. सगळेच करायचे, त्याचा राग नाही. पण पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली म्हणून तुम्हाला पुण्याला नेलं, तर तिथंही तेच कार्ड काढलंत. कार्डाप्रमाणे तुम्ही माझ्याहून नऊच वर्षांनी मोठे. डॉक्टरनं माझ्याकडे बघून विचारलं, "हे धाकटे भाऊ का?" तुम्ही हसलात. "न्हाई वो, पोरगंच हाय. उनानं वाळलंय."

डॉक्टर म्हणाला, फुगवटा अजून फार मोठा नाही. पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस असता तर हात लावला नसता, नुसतं तपासत राहिलो असतो. त्या वयात ऑपरेशनचाच धोका जास्त. बासष्टला मात्र आत्ताच केलेलं बरं. मी तोंड उघडणार, तोच तुम्ही टेबलाखाली माझा पाय दाबलात. बाहेर आल्यावर म्हणालात, "लई शाना होऊ नको. म्हातारा म्हनून माघारी धाडत्याल."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी लघवी बंद झाली आणि सहाव्या दिवशी तुम्ही गेलात. दहाव्याला भाऊ सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "दादानंच नेलं, दादानंच मारलं." मरून तुम्ही सुटलात, बोल मला लावून गेलात. आता मी सहासष्टचा आहे. पोटात वारा धरला तरी हात ठेवून ठोके बघत बसतो. कुठल्याही दवाखान्यात वय दोनदा सांगतो, नीट लिहिलं का ते वाकून बघतो. ही भीती तुमचीच देणगी. तुम्हाला माफी नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरनं मला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "वय नक्की बासष्टच ना?" तुम्ही तिथं नव्हता, आबा. मी हो म्हणालो.