संत्र्याच्या गोळ्या

डिंडोली, सुरत
१२ जुलै १९९६

तीर्थरूप आईस,
लोटनचा साष्टांग नमस्कार. दरवेळी पहिल्या ओळीत ‘आम्ही मजेत आहोत’ असं लिहितो, ते आज लिहीत नाही.

सोमवारी धनश्रीचं पाणी गेलं, आठवा लागायच्या आतच. मुलगी झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे. बारीक आवाजात रडते. धनश्री बरी आहे, तू घाबरू नकोस.

मागच्या खेपेलाही पाणी लवकर गेलं होतं. म्हणून या वेळी डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या पिशवीला बळ यावं म्हणून चघळायच्या संत्र्याच्या गोळ्या दिल्या होत्या. तू इकडे आलीस, एक चाखून पाहिलीस आणि म्हणालीस, “या उष्ण पडतात, पोटुशीला नकोत.” धनश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी जेवत राहिलो.

गोळ्या घेऊनही पाणी थांबतंच असं नाही, हे बाईच म्हणाल्या. मला मात्र त्यानं बरं वाटत नाही.

आपली योगिता बाळंतपणाला आली का? कितवा लागला? नर्सबाई देतात त्या गोळ्या तिला खाऊ दे. तिथं तुझं शहाणपण चालवू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळ्या रोज घेत होतीस ना?” धनश्री म्हणाली, “हो.” तुझं नाव तिनं घेतलं नाही. माझंही नाही. फुकट जायला नकोत म्हणून कारखान्यातून आल्यावर तिच्या उरलेल्या गोळ्या मीच चघळून संपवल्या.

तुझाच मुलगा,
लोटन