फिरते त्याले तेल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८
रोजनिशी पुन्हा सुरू. सातवीपर्यंत शिकलो, अक्षर चांगलं आहे, वाया का घालवायचं.
विषय माझ्या मुलाच्या, नागसेनच्या मोटरसायकलचा. सून रश्मीला भद्रावतीला लॅबमध्ये नोकरी लागली. सतरा तारखेपासून सकाळी साडेसातची ड्यूटी. त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही. काल तिने विचारलं, बाबा, ह्यांची गाडी मी नेऊ का? चालवायला तिला नागसेननेच शिकवली होती. तो जाऊन दोन वर्षं झाली, गाडी पडवीत उभी आहे. धनराज मेकॅनिकने तेव्हाच दुरुस्त करून दिली. रश्मी आठवड्यातून एकदा चालू करून बघते. मी दोन वर्षांत गाडीला पाणी लावलं नाही.
म्हणालो, ने. पण धुऊन देतो. रविवारी दहापर्यंत तयार. सोपं काम आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख रोज बसते. आज सीटवरच्या राखेत पंजा उमटलेला दिसला. पाच बोटं. पुसून टाकला.
माझ्या बापाने छप्पन साली चांद्यात धम्मदीक्षा घेतली. आमच्या घरात भूतबित नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
पंजा पुन्हा. त्याच जागी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बादली, शाम्पू, जुनी बनियन, दात घासायचा ब्रश काढून ठेवले. तेलाचा डबाही काढला. नंतर आत ठेवला. कारण लिहीत नाही.
एकतीस वर्षं वीजकेंद्रात कोळसा नेणाऱ्या बेल्टवर ऑइलमन होतो. साहेब म्हणायचे, वामनराव असला की बेल्ट कुरकुरत नाही. माझा नियम एकच, फिरते त्याले तेल. नागसेनची गाडी दर रविवारी मीच धुवायचो. चाकं आरशासारखी चमकायची. तो म्हणायचा, बाबा, राहू द्या ना, मी करतो. पोरांना कौतुक करता येत नाही.
त्याच्या गाडीसमोर रानडुक्कर आलं होतं. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १
धुणं झालं. पूर्ण नाही.
रश्मी मोबाईलवर बघून सांगत होती. इंजिन थंड पाहिजे. गाडी सावलीत पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पन्नी बांधा. पाण्याची धार प्लगवर मारू नका. मी म्हणालो, मले माहीत आहे. मग तिने वाचलं, ब्रेकच्या डिस्कला तेलाचा थेंबही लागू देऊ नका, ब्रेक लागत नाही.
हातातली बादली सुटली. सगळं पाणी इंजिनवर. पन्नी अजून बांधायची होती, सायलेन्सरमध्येही गेलं.
गाडी चालू झाली नाही. फार वाईट वाटलं. जेवण चांगलं गेलं.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६
पडवीत टप. थोड्या वेळाने टप. नागसेन आला की एका पायावर उभा राहून बूट काढायचा, एकेक बूट असाच पडायचा. मी दार उघडलं नाही. सर्दी आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
टपटप म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी. रश्मीने मागून गाडी वाकवून काढलं, प्लग पुसला, गाडी एका बटणात चालू.
मी म्हणालो, आवाज बरोबर नाई, पंधरा दिवस थांबू. बायको, केसरबाई, भांडी घासता घासता म्हणाली, गाडीचा आवाज बरोबर आहे, तुमचाच बरोबर नाई.
तिला पंजाबद्दल विचारलं. म्हणाली, मीच ठेवते हात. रोज. काऊन, मनाई आहे का?
भुताचा प्रश्न सुटला. तरी झोप लागत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लिहून टाकतो. कोणी वाचणार नाही.
नागसेन गेला त्या रविवारी सकाळी मी गाडी धुतली होती. नियमाप्रमाणे चेनला तेल लावलं. आणि पुढच्या डिस्कला. दर रविवारी लावायचो. ती फिरते ना.
संध्याकाळी मोहर्लीच्या रस्त्यावर रानडुक्कर आलं. ब्रेक त्याने दाबला असेलच.
हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं मी दोन वर्षं म्हणतो. खोटं आहे. तेराव्या दिवशी कळलं. टायरच्या दुकानात भिंतीवर कागद लावला होता, डिस्कला तेल लावू नये. वाचता येतं, ही अडचण.
रश्मीला सांगायचं ठरवलं. उद्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५
आधी धनराजला सांगायचं ठरवलं. तो नागसेनचा दोस्त, परका नाही. फाट्यावरच्या त्याच्या दुकानात दोन वर्षांत पहिल्यांदा गेलो. सगळं सांगितलं. टायरवर बसून.
तो हसायलाच लागला. मग डोळे पुसायला लागला. म्हणाला, काकाजी, तुम्ही हे घेऊन बसले होते? अहो, दर रविवारी तुमचं धुणं झालं की नाग्या सरळ माह्याकडे. म्हणे, बाबाने पुन्हा आंघोळ घातली, पुसून दे. मी पेट्रोलनं डिस्क पुसू, पॅड घासू, ब्रेक मारून पाहू. त्या दिवशीबी बारा वाजता आला होता. चहा पिला, गेला. ब्रेक एकदम टाईट होता. डुक्करच आडवं आलं, काकाजी.
मी विचारलं, मले काऊन नाई सांगितलं त्यानं? तो म्हणाला, तुम्ही किती खुश राहत होते ना. म्हणे, त्या म्हाताऱ्याचा एकच तर रविवार आहे.
म्हणजे किती वर्षं? सहा. म्हणजे तीनशे रविवार माझं धुणं दुसऱ्याने पुसलं.
घरी येताना रस्त्याला दोनदा बसलो. केसरबाईला म्हणालो, ऊन लागलं. फेब्रुवारीत.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२
धुतली. इंजिन थंड, पन्नी बांधली, सावली, मऊ फडका. रश्मीला सगळं सांगितलं. तिने पाण्याचा मग माझ्या हातात दिला.
तेल फक्त चेनला. आणि क्लचच्या वायरीला. आणि स्टँडच्या स्प्रिंगला, ती कुरकुरत होती. डिस्कच्या बाजूला गेलोही नाही. हात मात्र तेलकट होते, त्याच हाताने चाक थोडं फिरवून बघितलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.३०
रश्मी निघाली. केसरबाईने सीटवर हात ठेवला, मीही ठेवला. रश्मी म्हणाली, येतो बाबा, गाडी मस्त झाली.
भद्रावती उजवीकडे. ती डावीकडे, फाट्याकडे वळली.
धनराजचं दुकान इतक्या सकाळी उघडतं, हे मला माहीत नव्हतं.