शिवनेला गेलेले पत्रे

उस्ताद, काल लासूर स्टेशनला जाऊन आलो. परवाच्या वादळात बाजारामागच्या वस्तीतल्या निम्म्या घरांचे पत्रे उडाले, म्हणून माझी माणसं तिथं फुकट काम करताहेत. "वादळानंतरचे आठ दिवस हात अल्लाचे, नवव्या दिवसापासून पोटाचे," हा तुमचा नियम मी अजून मोडलेला नाही. माझ्याकडचा नवा इंजिनियर विचारतो, "साहेब, आठच का? सात का नाय?" मी म्हणतो, "माझ्या उस्तादांना विचार." तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली हे त्याला माहीत आहे, म्हणून तो हसतो. मीही हसतो. मला तरी कुठं माहीत आहे, आठच का ते. तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही, तुमचं सगळं उर्दूत. तुम्ही असता तरी हे पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं.

तुम्ही पहिल्यांदा दिसलात तो दिवस असाच, वादळानंतरचा. मी बाविशीचा, बाजारात पोती उचलणारा, बाप वारलेला, घरी आई. सकाळच्या गाडीतून तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन उतरलात. कुणी बोलावलं नव्हतं. लोक रानात, ओढ्यात पडलेले पत्रे ओढत होते, आणि चांगला पत्रा दिसला की प्रत्येक जण "माझा, माझा" करत होता. तुम्ही बाजाराच्या मैदानात बसकण मारलीत आणि सगळे पत्रे तिथं आणायला लावलेत. मग एकेका पत्र्याच्या छिद्रांवरून बोट फिरवायचं, प्रत्येकाच्या घरी जाऊन वाशांवरचं अंतर मोजून यायचं, आणि सांगायचं, "हा तुमचा. हा नाय." एक जण भांडायला उठला तेव्हा तुम्ही म्हणालात, "दादा, माणूस बोलतो त्यापेक्षा भोक खरं बोलतं." लोक हसले आणि भांडण तिथंच जिरलं.

मी मदत मागायला आलो होतो की काम, हे मलाच कळत नव्हतं. म्हणालो, "उस्ताद, आमचे अकरा पत्रे. जुने, जाड. पोलीस ॲक्शननंतर सरकारी गोदाम मोडलं तेव्हा बापानं लिलावात घेतलेले. एका पत्र्याला पन्हळीच्या खोलात भोक हाय, लाखेनं बुजवलेलं. लहानपणी मीच पाडलं होतं."

"खोलात? खिळा माथ्यावर मारतात रे बाबा. खोलातून पाणी चालतं."

"बापानं बी तेच सांगितलं. कान धरून."

"मग कान तरी कामाचे हैं का बघू. डोळे मीट." तुम्ही हातोडीच्या दांड्यानं दोन पत्रे वाजवलेत. मी सांगितलं, पहिला नवा, पातळ. दुसरा जुना, आणि त्याला कुठं तरी तडा गेलाय. तुम्ही पत्रा उलटा केलात, तडा बघितलात आणि म्हणालात, "कान अच्छे हैं तेरे. थांब इथंच." मी थांबलो. दोन दिवस उचलाउचली केली, सगळ्यांचे पत्रे घरोघर पोचवले. आमचे काही मिळाले नाहीत. तुम्ही म्हणालात, शिवनेला गेले, नदीत.

आई तो पावसाळा पिशोरला मामाकडे राहिली. मामा चांगला होता, पण मामी दर आठ-पंधरा दिवसांनी दारातून बाहेर बघून म्हणायची, "वन्सं, पाऊस थांबला वाटतं." आई हे नंतर नक्कल करून सांगायची, आम्ही पोट धरून हसायचो. पण हसू ओसरलं की ती म्हणायची, "आपला एक पत्रा दोघांना उचलत नव्हता रे. नदीपस्तोर वाऱ्यानं कसा नेला? आन् अकराच्या अकरा?" मी चिडायचो. म्हणायचो, उस्ताद खोटं बोलत नाहीत. शहरात पक्कं घर झालं, वर स्लॅब पडला, तरी ती हेच विचारायची. जाण्याच्या आदल्या आठवड्यातसुद्धा विचारलं तिनं.

स्टेशनामागं चहा विकणारी मावशी तुम्हाला आठवत असेल. विधवा बाई, घरात पुरुष नाही, आणि लेकीला मुलगी होऊन पाचच दिवस झाले होते. ते बाळ आता पन्नाशी ओलांडून गेलंय, त्याच घरात राहतं आणि मला काका म्हणतं. परवा तिचाच फोन आला, "काका, आजीचे पत्रे उडाले, या." काल माझ्या माणसांनी तिचे पत्रे गोळा करून माझ्या खुर्चीपुढं रचले. मला आता शिडी चढवत नाही, मी नुसता बसून बोटांनी ठोकून बघतो. सातव्या पत्र्यावर डांबराचा पोपडा सुटला होता. खाली गोणपाटाचं ठिगळ, गोल कापलेलं. कोपरा असला की सुटतो म्हणून ठिगळ गोल कापणारे तुम्ही एकटेच. ठिगळाखाली लाख. लाखेखाली, पन्हळीच्या खोलात, माझं भोक.

"काका, काय झालं?"

"काय नाय. जुना पत्रा हाय."

"आजी सांगायची, त्या उस्तादानं तीन दिवसांत छप्पर घातलं, नायतर बाळ-बाळंतीण दोघी हाती लागल्या नसत्या. तुमचं बी नाव घ्यायची. लई राबले म्हणायची."

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, उस्ताद. एका घटकेला तुमचा राग येतो. त्या घरात बाळंतीण होती हे खरं, पण माझ्या घरात माझी आई होती. चार महिने भावाच्या दारात तिनं काढले, तुम्ही नाही. मला विचारलं असतं तर मी दिले असते पत्रे. मग वाटतं, दिले असते का? बाविशीत? आईला उघड्यावर ठेवून? दुसऱ्या घटकेला वाटतं, ते पत्रे मला मिळाले असते तर ठोकून मी पुन्हा पोती उचलायला गेलो असतो. आज माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत, ती तुमच्यामुळं. म्हणजे तुम्ही माझं घेतलंत की मला दिलंत? दोन्ही म्हणावं तर ते फार सोयीचं वाटतं, आणि सोयीचं बोलणं मला लगेच ऐकू येतं. धंदाच तो माझा.

मी तिला नवे पत्रे देऊ केले. ती म्हणाली, "नको काका, आजीचेच घाला. असा पत्रा आता मिळतो का कुठं?" घातले. पोरांनी पहिला खिळा मारला आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. नव्या पत्र्याचा आवाज छन्न असा पळून जातो. या पत्र्याचा आवाज तिथंच बसतो, पोत्यावर पोतं टाकावं तसा. तो आवाज मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

पहिल्यांदा ऐकला तो तेव्हाच, त्या वादळानंतरच्या तिसऱ्या दिवशी. त्या घरावर तुम्ही मलाच चढवलंत. का, ते मला अजून कळलेलं नाही. डांबर ओलं होतं, हाताला लागत होतं. मी पहिला खिळा मारला, थांबलो, आणि मग पुढचे सगळे मारले. खाली उतरलो तेव्हा तुम्ही हात पुसत होता, माझ्याकडे न बघता विचारलंत, "काय ऐकलं?"

"काय नाय, उस्ताद."

तुम्ही हत्यारं पिशवीत भरलीत. मग म्हणालात, "नवव्या दिवशी शहागंजात दुकानावर ये. काम है."

वर मी लिहिलंय की तुम्ही 'शिवनेला गेले' म्हणालात. ते खोडत नाही, राहू दे तसंच. पण तुम्ही तसं म्हणाला नव्हता. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "सापडले का रे?" तेव्हा ते मी म्हणालो, तुमचं नाव सांगून. हाताला डांबर होतं, म्हणून हात मागं धरून उभा होतो.