उजवा कौल

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना कधी पत्र लिहिलं नाही. आता लिहून राह्यले, कारण देवळातली ती सकाळ तुला सांगायची राहिली. मी सातवीत होते. आबा शहागडच्या हायवेवरून कुण्या ट्रकवर कामाला म्हणून गेल्ते, त्याला वर्ष उलटलं होतं. ना माणूस, ना निरोप. मामा आपल्याला न्यायला आष्टीहून आल्ता. "इथं काय ठिवलंय तुहं? चल, माझ्या घरी दोन घास जड न्हाईत," म्हणाला. तू म्हणालीस, "देवीला इचारते. ते येणार असतील तर मी घर सोडत न्हाई."

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. किती तरी वेळ काहीच पडेना. मामा बाहेर विडी ओढत बसलेला, गुरव पाणी आणायला उठला, आणि तू डोळे मिटून, हात जोडून पुटपुटत होतीस. मी हात लांब केला आणि उजवं फूल बोटानं ढकललं. डोळे उघडून तू ते पाहिलंस आणि अशी रडलीस, की वाटलं सांगूनच टाकावं. तेवढ्यात गुरव आला. "बाई, उजवा कौल! येतो तुहा मालक."

मामा एकटाच परत गेला. तू लोकांच्या कपाशीच्या सीड प्लॉटवर जायला लागलीस. दिवसभर वाकून कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी संकरित बी धरावं म्हणून फुलाला फूल लावायचं. संध्याकाळी तुला भाकरीचं पीठही मळता येत नव्हतं, एवढी बोटं सुजायची. मी मळायचे आणि तू चुलीपुढं बसून म्हणायचीस, "येतील. शब्द दिलाय तिनं." मी परातीतून मान वर करत नसे.

मी दहावीत असताना गावातला एक ड्रायव्हर सांगत आला, आबा सुरतेकडं आहेत, तिथं दुसरं घर केलंय म्हणून. तू दोन दिवस जेवली नाहीस. मामा पुन्हा आला, समजावून थकला. शेवटी चिडून म्हणाला, "आणखी किती दिस वाट पाहशील?" तू देवळात जाऊन आलीस, तोंड धुतलंस आणि त्याला म्हणालीस, "माझ्याबी मनात आलं रे, की हे सारं खोटं हाये. पण मी शंका घेतली तर तिला काय वाटंल?" मी दारातच उभी होते. त्या घडीला बोलले असते, तर तू मोकळी झाली असतीस. मी घागर उचलली आणि पाण्याला निघून गेले.

आबा आले, नऊ वर्षांनी. मी तेव्हा जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरीला लागले होते. निरोप मिळाला तशी आले, तर ओसरीवर हाडांचा सापळा खोकत बसलेला, आणि तू गल्लीत साखर वाटून राह्यलीस. कुठं होते, कुणाजवळ होते, तू एका शब्दानं विचारलं नाहीस. सव्वा वर्ष त्यांचं सगळं काढलंस, मंग ते गेले. तेराव्यानंतर मला म्हणालीस, "देवीनं शब्द पाळला, बाई." मी म्हणाले, "माय, तो कौल..." तू माझ्याकडं बघितलंस. "काय?" "काही न्हाई," म्हणाले. त्यानंतर तू चार वर्षं होतीस. रोज सांगता आलं असतं.

देवीनं शब्द दिला नव्हता, तरी पाळला कसा, हे मला अजून कळत नाही. तुला कळलं असतं कदाचित. खोट्या कौलावर तू निवांत झोपायचीस आणि खरं ठाऊक असलेली मी आजही देवळात गेले की देवीच्या तोंडाकडं बघू शकत नाही.

हे कुणाला दाखवणार नाही. नवऱ्याला एकदा सांगितलं होतं, पण त्यालाही अर्धंच. तुझं तोंड पाहवेना म्हणून फूल ढकललं, असं म्हणाले. तो म्हणाला, "लेकराची माया, दुसरं काय." माय, माया नव्हती. आदल्या दिवशी मामा मला म्हणाला होता, आष्टीला आलीस की शाळा बंद, मामीची लेकरं सांभाळायची. फूल ढकलताना तू माझ्या मनातसुद्धा नव्हतीस.