दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी

ताई,

नमस्कार. गुडघ्यांचं आधीच विचारून ठेवतो, नाहीतर पुढच्या गोंधळात राहून जाईल. कसे आहेत? मी बरा आहे. (तुम्ही विचारणारच, म्हणून लिहिलं.)

तुमची बहीण गेल्यापासून मी तिच्या प्रयोगशाळेकडे फिरकलो नव्हतो. परवा विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. तिचं काम तुम्हाला माहीत आहेच. (मला अजून नीटसं नाही.) चुंबकात ठेवलेले अणू म्हणे फार बारीक आवाजात कुजबुजतात, आणि ते ऐकायला तिने अतिवाहक तारेचं एक वेटोळं बनवलं होतं, भयंकर थंडीत बुडवलेलं. ते इतकं हळवं, की जवळून कोणी किल्ल्यांचा जुडगा नेला तरी बिथरतं. तर तिच्या शेवटच्या नोंदींच्या आलेखात रोज एक वाजून दहा मिनिटांनी एक उंचवटा येतो. तिचं काम तपासणारे तपासनीस म्हणतात, कारण सापडलं नाही तर सगळ्याच नोंदी बाद. म्हणजे तिची तीन वर्षं बाद. विभागातल्या मंडळींनी लिफ्ट बंद करून पाहिली, पंखे उतरवले, शेजारच्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवलं (त्यात शिपायाची कंबर धरली). शेवटी मला विचारलं, "घरी काही बोलल्या होत्या का?"

घरी ती माझ्या भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलायची. मग मी म्हणालो, एक दहाला मी तिचा डबा घेऊन यायचो, सायकल त्या खिडकीखालीच टेकवायचो. आधी का नाही सांगितलंत, म्हणे. आधी कोणी विचारलं नव्हतं.

तिच्या सहायिकेने वही आणली. रोजच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने दोन गोल आणि मध्ये एक रेघ. या हुशार मंडळींना ती वेटोळ्याची आकृती वाटली होती! मी तापाने घरी होतो त्या तीन दिवसांत गोल नाहीत आणि उंचवटाही नाही. बाकी दिवसांतली तेवढी मिनिटं तिने गणितातून वगळली आहेत. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मला मात्र "सायकल लांब लावा" असं एकदाही म्हणाली नाही. का नाही म्हणाली, हे आता कोणाला विचारायचं ते समजत नाही.

तुमच्या बहिणीचा नवरा
(अजून असंच लिहितो.)

ता. क. तीच सायकल आणून तोच उंचवटा दाखवला, तर तपासनीस मान्य करतील. ती गेल्या महिन्यात मीच आग्रहाने तुमच्या माळीबुवांच्या गळ्यात मारली. परत मागायचा मला संकोच वाटतो, तेव्हा तुम्ही मागा. गुरुवारी हवी आहे.

आणखी एक. सहायिका म्हणते, डब्याने काही फरक पडत नाही, रिकामा आणला तरी चालेल. मला रिकामा नेता येणार नाही. भाजीत मीठ किती घालायचं, तेवढं कळवा.