जोलीनच्या वाट्याचा गोऱ्हा

सँडहिल्स, नेब्रास्का
११ सप्टेंबर १९८८

प्रिय जोलीन बाळ,

तुला आणि केंटला आजीचा आशीर्वाद, आणि पोटातल्याला एक जास्तीचा. इथं मी आणि तुझा व्हर्नकाका बरे आहोत. माझा डावा गुडघा तेवढा बरा नाही, पण तो कधीच नव्हता.

तुझं पत्र आलं तेव्हा मी चोकचेरीचा जॅम ढवळत होते. पाचवा महिना लागला हे वाचलं आणि अशी किंचाळले की व्हर्न गोठ्यातून धावत आला. त्याला वाटलं, भाजले मी. म्हटलं, "अरे, मी पणजी होणार!" तर म्हणतो, "मग ओरडतेस कशाला, तुला थोडंच काही करायचंय त्यात?" बावन्न वर्षांचा झाला तरी लग्न नाही, त्याला काय कळणार. जॅम करपला तो करपलाच. असू दे. आधीची दोन हाताशी येऊन गेली, आता हे तिसरं पाचव्यात आलंय, त्यापुढं जॅमचं काय घेऊन बसायचं!

डॉक्टर म्हणाले रक्त कमी आहे, आठवड्यातून दोनदा कलेजी खा. आणि तू ती दुकानातून आणतेस? प्लास्टिकच्या ताटलीतली? गुरांच्या घरची पोर तू! त्या मांसाचा बाप कोण, ते कुठल्या कुरणात चरलं, काही पत्ता असतो का? ते काही नाही. मी ठरवलंय, तुला आपल्याच रँचवरचा गोऱ्हा. अर्धा तुझा, एक पाव शेजारच्या मार्व्हेलाचा, एक पाव पास्टरसाहेबांचा. चर्चमध्ये आणखी सहा-सात घरांनी व्हर्नकडे नावं दिलीत, त्यांच्यासाठी दुसरे दोन गोऱ्हे आहेत. तुला आठवतं ना आपलं कसं असतं? जनावर जिवंत असतानाच वाटे लागतात, ज्याचा वाटा तो मालक, मग मांसावर सरकारी तपासणीच्या शिक्क्याची कटकट नाही. एमिल खाटीक त्याचा ट्रक घेऊन अंगणातच येतो. कलेजी मात्र अख्खी तुझी. मार्व्हेलाला मी सांगून टाकलं, "तुझी बाळंतपणं होऊन तीस वर्षं झाली, तू मुकाट्यानं रस्सा कर." हसली, पण तोंड वाकडं करून.

तुझा गोऱ्हा पांढऱ्या तोंडाचा आहे. फार गुणी. हल्ली तर गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून तासन् तास उभा असतो. मी म्हणते, विचार करतोय. आणि दात खातो, असा कराकरा की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं.

यंदा पाऊस म्हणून नाहीच. जूनपासून गवत संपलंय. गुरं पश्चिमेच्या कुरणात काय मिळेल ते चाटत फिरतात. तिथल्या टेकडीला वाऱ्यानं पाडलेला तो मोठा खड्डा आहे ना, वाळू उडू नये म्हणून तुझ्या आजोबांपासून सगळे जिथं जुन्या गाड्या न् टायर टाकत आलो, त्याचं कुंपण पडलंय. व्हर्न म्हणतो करतो, करतो. मंगळवारी एक गोऱ्हा मेला. व्हर्ननं स्वतःच ट्रॅक्टरनं खड्डा काढून पुरला, मेलेली गुरं न्यायला ट्रक येतो तोही बोलावला नाही.

पण तुला या दिवसांत असलं काही लिहू नये. जड उचलू नकोस. पाय वर करून बस.

तुझी आनंदानं वेडी झालेली,
लिओटाआजी


१४ ऑक्टोबर १९८८

माझी जोलीन,

तुझं पत्र हातात पडलं. आशीर्वाद. तू विचारतेस, आजी फोन का करत नाहीस. अगं, फोन आहे व्हर्नच्या खुर्चीशेजारी. मी बोलायला लागले की तो वाचायचा थांबतो. पत्राला मला तीन दिवस लागतात, चौथीपर्यंतचं शिक्षण, पण पत्र माझं एकटीचं असतं.

मांसाची खोकी वेळेवर पोचली हे ऐकून बरं वाटलं. व्हर्न ओमाहापर्यंत स्वतः गाडी घेऊन आला म्हणजे बघ. घरात आत आला नाही म्हणतेस? दारातच खोकी ठेवून वळला? तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस.

तुला गोऱ्ह्याचा दिवस सांगायचा राहिला. एमिल सकाळीच आला. आता त्याचं पोट एवढं सुटलंय की वाकला की ॲप्रन आधी जमिनीला लागतो. मी कोलाचे केले होते, आपले ते फळं भरलेले गोड पाव, त्यानं पाच खाल्ले आणि वर म्हणतो, "लिओटाबाई, जर्दाळूचे नाहीत का?" आगाऊ. मग गोऱ्ह्याजवळ गेला आणि त्याच्या तोंडासमोर टोपी हलवली. पुन्हा हलवली. गोऱ्ह्याची पापणी हलेना.

"व्हर्न, हा आंधळा आहे की रे."

"डोळे आलेत," व्हर्न म्हणाला. "उन्हाळ्यात माश्या किती होत्या."

"डोळे आले तर लाल होतात, पाणी गळतं. याचे तर काचेसारखे स्वच्छ आहेत."

"तू खाटीक आहेस की डॉक्टर? काम कर तुझं."

एमिलनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्या कपात कॉफी ओतत होते. ओतत राहिले, बशीत सांडली.

असो. कलेजी कांद्यावर परत, आधी दुधात भिजवून ठेव, वास जातो. केंट आठवड्यातून चारदा करून घालतो म्हणतेस. चारदा? डॉक्टरांनी दोनदाच सांगितलं होतं ना? गुणाचा नवरा आहे, पण चारदा नको, बाळ. दोनदाही पुष्कळ. एखादा आठवडा नाही खाल्लीस तरी चालेल. पालक खा.

पोटात कळा येतात आणि शौचाला होत नाही, हे सगळं या दिवसांत होतंच. वाळलेले आलूबुखारे शिजवून खा. तोंडाला नाणं चाटल्यासारखी चव येते, असं लिहिलंयस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या वेळी असं काही झालं नव्हतं. माझ्या आईला मात्र झालं होतं, लिबुशाच्या वेळी. लिबुशा माझी धाकटी बहीण. तिच्याबद्दल तुला कुणी सांगितलं नसेल. नसू दे.

इथं मांजरांचं बिनसलंय. एमिलनं टाकलेलं सटरफटर त्यांनी आठवडाभर खाल्लं. आता पिवळी चालता चालता खांबाला धडकते. काळं मांजर दिसतच नाही. व्हर्न म्हणतो साथ आहे. आणखी दोन गोऱ्हे मेले. गुरांच्या डॉक्टरला बोलाव म्हटलं, तर म्हणाला, "त्याला चहा पाजायला बोलावू?"

स्वेटरची पाठ विणून झाली. पिवळा घेतलाय, मुलगा-मुलगी कुणालाही चालेल. बाह्या राहिल्यात. विणताना मी मोठ्यानं बोलते बाळाशी. व्हर्न म्हणतो, म्हातारी चळली.

कलेजी खाऊ नकोस इतकी. ऐक माझं.

तुझी,
आजी


पोस्ट ऑफिस
२१ ऑक्टोबर, सकाळी

जोलीन,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. आधी महत्त्वाचं. ते मांस खाऊ नकोस. कलेजी नको, रस्सा नको, कीमा नको, काही नको. केंटनंही नको, कुत्र्यालाही नको. फेकूनही देऊ नकोस, एक तुकडा पिशवीत घालून आजच्या आज डॉक्टरकडं जा. त्यांना म्हणावं, शिसं. शिसं बघा माझ्या रक्तात. ते विचारतील कुणी सांगितलं, तर सांग माझ्या आजीनं, आणि ती चौथी शिकलेली आहे पण तिला हे माहीत आहे.

आता बाकीचं सांगते, तेवढं रात्रभर जागून घरी लिहिलंय.

काल व्हर्न तालुक्याला गेला होता. मी काठी घेऊन त्या खड्ड्यापर्यंत गेले. वाळूत पाय रुततो, दहा पावलांवर बसावं लागत होतं. खड्ड्यात गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आहेत. चाळीस-पन्नास तरी. तो हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप वसंतात बंद झाला, तेव्हा व्हर्ननं ट्रक भरून आणून टाकल्या. जड वस्तू वाळू धरून ठेवते, म्हणून. चांगल्या मनानंच टाकल्या त्यानं. आपल्याकडं सगळे असंच करतात. उन्हानं त्यांची आवरणं फुटलीत. आतल्या शिशाच्या पट्ट्या चाटून चाटून चकचकीत झाल्यात. गुरांच्या जिभेच्या रेघा दिसतात त्यावर. आजूबाजूला सगळीकडं खुरांचे ठसे.

मी परत आले तर व्हर्न अंगणात उभा. माझ्या बुटांवरची वाळू बघून त्याला कळलं.

"कुठं गेली होतीस, आई?"

"तुला माहीत होतं?"

"पहिला मेला तेव्हा नव्हतं."

"आणि एमिल आला तेव्हा?"

तो बुटानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "आता ते अर्ध्या गावाच्या फ्रीझरमध्ये आहे. कुणाकुणाला सांगणार आहेस?"

"सगळ्यांना. आधी जोलीनला."

"अगं, शिजवल्यावर काय राहतं त्यात? तू गुरांची डॉक्टर आहेस का? उद्यापासून कुणी आपल्याकडून एक खूर विकत घेणार नाही. चर्चमध्ये बाक रिकामा करतील आपल्या शेजारचा. फोनला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

मी त्याला एक थप्पड मारली. बावन्न वर्षांच्या मुलाला. तो रडायला लागला, जोलीन. उभ्या उभ्या, लहान असताना रडायचा तसा. पण खुर्ची फोनजवळ ओढून बसला आणि उठला नाही.

हे सगळं त्याच्या माथी मारून मी मोकळी होऊ शकले असते. तू विश्वास ठेवला असतास. म्हणून आता पुढचं लिहिते.

मी नऊ वर्षांची होते. पप्पांनी कोठार लाल रंगवलं. रंगाचा डबा अंगणात राहिला, तो एका वासरानं चाटला. चारच दिवसांत वासरू आंधळं, डोळे अगदी स्वच्छ. दात खायचं. भिंतीला कपाळ लावून उभं राहायचं. पप्पा म्हणाले, मरण्याआधी कापू, वाया कशाला घालवायचं. आईला दिवस होते. आईनं त्याची कलेजी खाल्ली, अंगात रक्त यावं म्हणून. नोव्हेंबरमध्ये लिबुशा झाली. ती रडलीच नाही. दाई तिला उलटी धरून थोपटत होती, तरी नाही. नऊ दिवस ती डोळे उघडे ठेवून पडून होती, मग गेली. सगळे म्हणाले देवाची इच्छा. हिवाळ्यात घोड्यांचा डॉक्टर आला, त्यानं रंगाच्या डब्याकडं बोट दाखवलं, म्हणाला, यात शिसं आहे. पप्पांनी ते फक्त आईला सांगितलं. मी चुलीमागं बसून बटाटे सोलत होते. पुढं आई कधी त्या कोठाराकडं बघायचीच नाही, लांबून वळसा घालून जायची.

तुझा गोऱ्हा भिंतीला टेकला त्या दिवशीच मला कळलं होतं. मी तुला लिहिलं, विचार करतोय. मी हसत लिहिलं. एमिलनं टोपी हलवली तेव्हा मला कळलं होतं. कॉफी ओतली मी. का गप्प राहिले म्हणशील? व्हर्नला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं. तुझ्या ताटात माझ्या अंगणातलं काहीतरी जाणार, तुझ्या पोटातल्याच्या अंगाला ते लागणार, मी पणजी म्हणून कुणाच्या तरी कामाला येणार, याचा मला इतका आनंद झाला होता की मला दुसरं काही दिसायलाच नको होतं. लिबुशाचं मी मनाला म्हटलं, ते जुनं, तेव्हाचा रंग वेगळा, ते वासरू वेगळं.

आज सकाळी व्हर्न जनावरांना पाणी दाखवायला गेला, तेव्हा मी पिकअपची किल्ली घेतली. अकरा वर्षांनी गाडी चालवली. फाटकाचा एक खांब पाडला. इथं पोस्टात ब्लांश आहे, तिच्या खिडकीतल्या फोनवरून ती तुझा नंबर फिरवतेय. पहिल्यांदा वीस वेळा घंटा वाजली. दुसऱ्यांदाही. ती म्हणते, "लिओटाबाई, कामावर गेली असेल पोर." मी म्हटलं, शुक्रवारी तिला सुट्टी असते. केंटच्या कामाचा नंबर माझ्याकडं नाही. व्हर्नच्या वहीत आहे. ब्लांश ओमाहाच्या पोलिसांनाही लावून देते म्हणालीय, तुझ्या दारावर जाऊन बघा म्हणून. लाव म्हटलं.

हे पत्र जलद टपालानं उद्या तुझ्या हातात पडेल. इथून मी मार्व्हेलाकडं जाते. तिच्या नातवंडांनी काल रात्रीच रस्सा खाल्लाय, मला माहीत आहे, मलाही बोलावलं होतं तिनं जेवायला, मी गेले नाही. मग पास्टरसाहेबांकडं. मग एकेका घरी. मला घरात घेतील तोवर जाईन.

तू मला माफ करू नकोस. बाळ झालं की मला दाखवूही नकोस, तुझा तो हक्क आहे. पण डॉक्टरकडं जा. आत्ता. पत्र पुरं वाचायच्या आधी जायला हवं होतंस.

ब्लांश तिसऱ्यांदा लावतेय. वाजतोय.

पहिल्या दिवसापासून माहीत असलेली,
लिओटा